बंबाचे पोट

मराठी भाषा मोठी मिस्कील आहे. पाणी तापवतो तोही बंब आणि लागलेली आग विझवायला घंटा वाजवीत धावतो तोही बंब! हे वर्गात सांगितले की मुले हसतात; पण त्यांच्यापैकी पहिला बंब पाहिलेला एखादाच निघतो. त्यांच्या घरी असतो गीझर. हा शब्द तर फार लांबून आलेला. आइसलंडमधल्या उन्ह पाण्याच्या एका कारंज्याचे हे नाव. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला तेच नाव दिले. ते नाव फिरत फिरत सोलापुरात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर येऊन बसले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर या पाहुण्याचे पोट बिघडले. बटण दाबून अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच, आणि आतून खडखड आवाज. कारागीर आला. त्याने टकटक करून निदान सांगितले, "मॅडम, आत चुना धरलाय. आता नवीनच घ्या." मुलगा लगेच नव्याच्या बाजूचा झाला. आमचे हे किंमत ऐकेपर्यंत त्याच्या बाजूचे होते. वाती वळत बसलेल्या सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "चुना धरला म्हणून कुणी भांडं टाकतं का?"

घर एकदम गप्प झाले. सासूबाई ७६ वर्षांच्या. त्याच आठवड्यात पुण्याहून थोरल्या दिरांचा फोन आला होता. आईचा स्वभाव फार कडक झालाय, तुमची ओढाताण होते, एका चांगल्या वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवलीय, दिवाळीला आलो की बोलू. फोन आतल्या खोलीत झाला होता. पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. आणि स्वभाव कडक हे काही खोटे नव्हते. त्या कडकपणाशी रोजची गाठ माझीच.

आमच्या वसाहतीला बोअरचे पाणी. पाठ्यपुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. बायका त्याला सरळ जड पाणी म्हणतात. त्यात डाळ शिजत नाही हे सांगायला त्यांना शास्त्रज्ञ लागत नाही. पाणी तपासून घेतले तेव्हा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम दुष्फेनता निघाली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचे. आमच्याकडे रोज ७५ लिटर पाणी तापते. हिशेब करा: दिवसाला ३० ग्रॅम, वर्षाला जवळजवळ ११ किलो चुनखडी त्या टाकीतून जाते! बरीचशी वाहून जाते, थोडी राहते. पण ती थोडीही पुरे होते. गार पाण्यात ती विरघळलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खडी वेगळी होऊन तापत्या दांडीवर बसते. म्हणजे जे तापते त्यालाच थर धरतो. माळ्यावर पालथ्या पडलेल्या पातेल्याला तो कधीच धरत नाही.

आम्ही वीज मुख्य बटणापासून बंद केली, पाणी निवू दिले, टाकी रिकामी केली. कारागिराने खालची चकती उघडली. दांडी दुप्पट जाड झालेली, पांढरीफटक. त्याने हातोडी उचलली तशा सासूबाई दारातून म्हणाल्या, "ठोकू नकोस रे बाबा. आंबट घाल आणि वाट बघ." त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अशा टाकीला आतून काचेचा मुलामा असतो. ठोकाठोकीत त्याला तडा गेला की तिथूनच गंज लागतो.

कोमट पाण्यात लिंबूसत्व कालवले आणि तारांची टोके वर ठेवून दांडी त्यात सोडली. बारीक बुडबुडे उठू लागले. सासूबाई स्टूल घेऊन शेजारी बसल्या. त्या वाड्यातल्या तांब्याच्या बंबाबद्दल बोलू लागल्या. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी. दर दिवाळीला चिंचेने तो घासायचा. पहाटे चारला उठून पेटवायचा. घरात अकरा माणसे. "आणि तुमची आंघोळ?" मी विचारले. "सगळ्यांची झाल्यावर. तोवर निखारे विझलेले असायचे."

टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. आमची तारेएवढी उरली होती. ती मात्र बदलावी लागली. कारागिराने तिचे काम समजावून सांगितले, तेव्हा सासूबाईंनी ती हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिली. बोलल्या काहीच नाहीत.

नरकचतुर्दशीला पहाटे मी सांगून टाकले, "यंदा पहिलं पाणी आईंचं." त्या "काहीतरीच!" म्हणाल्या, पण गेल्या, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. फराळाच्या वेळी दिरांनी विषय काढायला घसा खाकरला, तेव्हा मीच म्हटले, "भाऊजी, आई इथेच राहतील." आमच्या ह्यांनी मान हलवली. दिरांनी चकली घेतली.

स्वभाव अजून कडकच आहे. कालच आमटीत मीठ जास्त पडल्याचे दोनदा ऐकून घेतले. पण आज वाण्याच्या यादीत उटण्याच्या खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली: लिंबूसत्व, पाव किलो.