आधी जागा, मग चेंडू

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आज मैदानावर सगळ्यांच्या डोळ्यांत झोप आणि तोंडी हरमनप्रीतचा शेवटचा झेल. मी विचारलं, हात सगळ्यांनी पाहिले, पाय कुणी पाहिले का? चेंडू वरून जाणार हे ओळखून ती आधी मागे पळाली, झेप त्यानंतरची.

मग आमच्या बास्केटबॉलच्या सरावात चेंडू पिशवीतच ठेवले. गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, भार चवड्यांवर, पाठ सरळ. याच बैठकीत आडवं सरकायचं, पायाला पाय लागू द्यायचा नाही. खो-खो खेळलेल्या पोरींना हे लगेच जमलं. बसल्या जागेवरून कोणत्याही क्षणी सुटायची सवय त्यांच्या मांड्यांना आहे. बाकीच्या ताठ उभ्या राहतात. ताठ पोरीला पहिलं पाऊल टाकण्याआधी वाकावं लागतं आणि तेवढ्यात समोरची निघून जाते.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमेची सुट्टी, तरी बऱ्याच जणी आल्या. आज रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू धरणं. शॉट सुटला की सगळ्या माना वर करून रिंगकडे बघत बसतात. मला नेमकं उलटं हवं आहे: शॉट सुटताच आधी आपली प्रतिस्पर्धी शोधायची, तिच्याकडे सरकायचं, एका पायावर फिरून तिला पाठीवर घ्यायचं. कंबर खाली, हात वर. ढकलायचं नाही, पण जागाही सोडायची नाही. चेंडूकडे बघायचं ते यानंतर. शिवाय कोपऱ्यातून मारलेला आणि हुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला उडतो, म्हणून जागाही तिकडची धरायची.

८ नोव्हेंबर, शनिवार

एका मुलीचे वडील भेटायला आले. होटगी जंक्शनवर नोकरीला आहेत, घरी कन्नड बोलतात. म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी बुटकी. हा उंच लोकांचा खेळ. कशाला तिचा वेळ घालवायचा?"

उंचीचा फायदा असतोच, ते मी नाकारलं नाही. रिंग ३.०५ मीटरवर आहे, ती कुणासाठी खाली येत नाही. पण त्यांना डेनिस रॉडमनबद्दल सांगितलं. ६ फूट ७ इंचांचा हा खेळाडू सात फुटी सेंटर्सच्या गर्दीत १९९२ ते १९९८ असे सलग सात हंगाम एनबीएमध्ये रिबाउंडला पहिला होता. मग त्यांच्या मुलीलाच बोलावलं. चेंडू घेऊन येणाऱ्या उंच मुलीच्या वाटेत ती वेळेवर, दोन्ही पाय टेकवून, तोंड तिच्याकडे करून उभी राहिली. उंच मुलगी तिच्या छातीवर आदळली. नियमाने हा फाउल आदळणारीचा. आपल्या पायाखालची जागा आणि सरळ वरची हवा ज्याची त्याची असते. अंगाने कुणी कितीही मोठा असो. एवढा न्यायी नियम मी फार थोड्या खेळांत पाहिला आहे. वडील शेवटपर्यंत थांबले. "येऊ दे तिला," एवढंच म्हणाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज फक्त उडी मारून खाली येणं. आमचं कोर्ट सिमेंटचं, चूक लगेच अंगाशी येते. नववीतली एक फार सुंदर उडते, पण टेकताना तिचे गुडघे आत वळतात. मला याची खरीखुरी धास्ती वाटते. या खेळात गुडघ्यातला पुढचा लिगामेंट बहुतेक वेळा धक्का न लागताच तुटतो, वळताना किंवा उतरताना. आणि मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. शस्त्रक्रिया झाली तर बरं व्हायला सहा महिने ते वर्ष. खेड्यातल्या मुलीचा खेळ एवढ्यात कायमचा सुटतो. म्हणून दोन्ही पायांवर, गुडघे बोटांच्या रेषेत, टेकताना आवाज कमीत कमी. तिला आज शॉट मारू दिला नाही. रुसली. रुसू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुलांबरोबर सराव सामना. हरलो, पण पहिल्या सत्रात रिंगखाली मुलांना चेंडू सहज मिळत नव्हता. दमल्यावर मात्र पोरी एकेक करून ताठ होत गेल्या आणि गुण तेव्हाच गेले. मांड्यांचा दम वाढवायला हवा. दुसरं, सगळ्या डावा पाय रोवून फिरतात. उजवा रोवून फिरणं मोजक्याच जणींना येतं. सोमवारी त्यापासून सुरुवात.