हवापालट, घरापासून दीड तासावर

‘हवापालट’ हा शब्द आता मराठी घरांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत तो औषधाच्या चिठ्ठीइतकाच वजनदार होता. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला वैद्य किंवा डॉक्टर हवापालट सांगत, आणि वऱ्हाडातील सुखवस्तू कुटुंबे त्याला महिनाभर चिखलदऱ्याला नेऊन ठेवत. पुढे औषधे सुधारली, शस्त्रक्रिया सुलभ झाल्या आणि हवापालटाची जागा ‘टूर पॅकेज’ने घेतली. विमान, हॉटेल, पाच दिवसांत सात ठिकाणे! परत आल्यावर विश्रांतीसाठी पुन्हा दोन दिवसांची रजा.

गेल्या दीड वर्षात आमच्या घराने हा जुना शब्द पुन्हा वापरात आणला. त्यासाठी आम्ही अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या फारसे बाहेर गेलो नाही.

आमचे गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून थोडे अलीकडे. उत्तरेच्या क्षितिजावर गाविलगडच्या डोंगररांगेची निळी रेघ आणि दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, खारपाणपट्ट्याची जमीन. त्या वर्षी चैत्रात माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेत उपचार मिळाले, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला, पाचव्या दिवशी ते घरी आले. वय 62. तपासण्यांचे अहवाल उत्तम होते. हृदयाची पंप करण्याची शक्ती जवळपास पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

शरीर सावरले, पण भीती मात्र घरातच मुक्काम ठोकून बसली. अंगणातल्या अंगणात वीस फेऱ्या, प्रत्येक पाच फेऱ्यांनंतर मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजणे, शेतावर जाणे बंद, लग्नकार्याला जाणे बंद. “तिथं दवाखाना किती दूर आहे?” हा त्यांचा प्रत्येक निमंत्रणाला पहिला प्रश्न असे. पुण्यातील मुलाचाही जीव टांगणीला लागला होता. त्याने आग्रह धरला, “आई, घराला कुलूप लावा आणि दोघं इकडे या. इथं दहा मिनिटांवर मोठं हॉस्पिटल आहे.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण चाळीस वर्षांचे शेत, शेजार आणि सकाळी ओट्यावर जमणारी माणसे सोडून चौथ्या मजल्यावरच्या खोलीत हा माणूस बरा होईल, की अधिकच आजारी होईल, हे मला उमजत नव्हते. दिवाळीपर्यंत निर्णय घ्यायचा, असे ठरले.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला गेलो, तेव्हा मी डॉक्टरांपुढे हे सारे मांडले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की नाडी मोजत बसू नका. तुमच्या औषधांपैकी एक औषध नाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवते, त्यामुळे श्रमाचा अंदाज तिच्यावरून नीट येत नाही. त्यापेक्षा चालताना बोला. पूर्ण वाक्य सहज बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग योग्य. वाक्य अर्ध्यात तुटू लागले, की थांबायचे. दुसरी गोष्ट म्हणजे अंगणातून बाहेर पडा. आठवड्याला 150 मिनिटे मध्यम वेगाने चालणे हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण आहे. तिथवर टप्प्याटप्प्याने जा, आणि शक्यतो अशा ठिकाणी चाला, की जिथे लक्ष छातीकडे न राहता आजूबाजूला राहील.

या दुसऱ्या सूचनेतून आमच्या भटकंतीचा आरंभ झाला. यजमान निवृत्त इतिहासशिक्षक. तीस वर्षे मुलांना इमादशाही आणि इंग्रज-मराठा युद्धे शिकवली, परंतु ती ज्या मातीत घडली त्या जागा पाहायला सवड कधी झाली नव्हती. मी वहीत यादी केली. आधी सपाट जागा, मग पायऱ्या, मग चढ. प्रत्येक नावापुढे जवळचे रुग्णालय आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ लिहिला. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आधीच तयार असे.

श्रावणात आम्ही बाळापूरला गेलो. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा तो विटांचा भव्य किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या नवाबाने 1757 मध्ये पूर्ण केला. मिर्झाराजे जयसिंग यांची काळ्या दगडाची छत्री तिथून जवळच, नदीकाठी उभी आहे. ज्या जयसिंगांनी शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला, तेच हे. छत्रीच्या खांबांमधून वारा वाहत होता. नदीला पाणी होते. यजमान शिकवण्याच्या सुरात बोलू लागले आणि मी घड्याळाकडे पाहिले. पंचवीस मिनिटे चालणे झाले होते आणि एकदाही मनगटावर बोटे गेली नव्हती.

भाद्रपदात अडगावला गेलो. अकोट-हिवरखेड रस्त्यावरचे हे गाव बाहेरून पाहता इतर गावांसारखेच आहे. कपाशी, तुरी, बांधावरच्या बाभळी. 29 नोव्हेंबर 1803 रोजी याच परिसरात आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. इंग्रजी पुस्तकांत ही लढाई ‘अरगाव’ या नावाने येते. पुढे बाराच वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव करणारा सेनापती तो हाच. आम्ही कपाशीच्या कडेने पाऊण तास चाललो. एका शेतकऱ्याने आम्हाला धुऱ्यावर बसवून पाणी दिले आणि विचारले, “मास्तर, पाह्यता काय इथं? काहीच तं नाही!” यजमान हसले आणि त्याला त्याच्याच शेताचा इतिहास सांगत बसले. आजारपणानंतर त्यांना अनोळखी माणसाशी इतके बोलताना मी प्रथमच पाहत होते.

दिवाळीला मुलगा आला. निर्णयाचा विषय निघाला, तेव्हा यजमान एवढेच म्हणाले, “आधी अचलपूरला चल.” अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. गावाबाहेरचा हौज कटोरा, तलावाच्या मध्यभागी उभा असलेला कमानींचा अष्टकोनी मनोरा, पाहून आम्ही तिघे मुक्तागिरीला गेलो. जैनांचे हे सिद्धक्षेत्र परतवाड्याहून जवळ, पण मध्य प्रदेशच्या हद्दीत आहे. डोंगराच्या कुशीत 52 मंदिरे, मधोमध धबधबा आणि शेकडो पायऱ्या. मुलगा पायऱ्या पाहून घाबरला. वडील मात्र वीस पायऱ्या, मग थांबा, दोन वाक्ये, पुन्हा वीस पायऱ्या असे शांतपणे चढत राहिले. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून काठी घेतली होती. खाली आल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, होळीपर्यंत बघू.” निर्णय चार महिने पुढे गेला.

थंडी पडल्यावर चिखलदऱ्याला दोन दिवस मुक्काम केला. कीचकाला मारून भीमाने ज्या दरीत टाकले, ती कीचकदरा, आणि तिच्यावरून हे नाव, अशी लोकांची श्रद्धा. समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर उंचीचे हे ठिकाण 1823 मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याच्यामुळे इंग्रजांच्या नजरेत आले, आणि पुढे इथे कॉफीची लागवड झाली. उंची दर 1,000 मीटरने वाढली, की तापमान साधारण 6 अंशांनी उतरते. त्यामुळे अकोल्यापेक्षा चिखलदरा 5 अंशांच्या आसपास थंड असतो. आमच्याकडे वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हा फरक अमृतासारखा वाटतो. परंतु हृदयरोग्याने कडाक्याच्या थंडीत पहाटे बाहेर पडणेही टाळावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. आम्ही ऊन अंगावर आल्यावरच निघत असू. रबडीच्या दुकानांपुढून जाताना मात्र खरा संयम लागला. चौघांत एक वाटी, असा तह झाला!

गाविलगडची तटबंदी तिथून हाकेच्या अंतरावर. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांनी हा किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर सह्या झाल्या. अडगावच्या शेतात सुरू झालेली गोष्ट आम्हाला इथे, तलावाच्या काठी बसून, शेवटापर्यंत कळली.

यादीत शेवटचे नाव नरनाळ्याचे होते. घराच्या गच्चीवरून आयुष्यभर पाहिलेला हा किल्ला, नऊशे मीटरांहून उंच. मुख्य नरनाळा आणि दोन्ही बाजूंचे जाफराबाद व तेलियागड असा तीन गडांचा तो समूह आहे. मेळघाटच्या जंगलात, अभयारण्याच्या हद्दीत असल्याने वनविभागाची परवानगी लागते. शहानूरच्या बाजूने गाडीरस्ता वर जातो. आम्ही मार्गशीर्षात गेलो. सोबत गावातलाच तरुण वाटाड्या होता. महाकाली दरवाज्याकडे उतरू लागलो. उतरायचे, म्हणजे तेवढेच चढून परत यायचे, हे लक्षात घेऊन मधल्या एका टप्प्यावर यजमानांनी वर चढून पाहिले. दहा-बारा पावलांतच त्यांचे वाक्य तुटले. छातीत दुखत नव्हते, घाम नव्हता. ते दगडावर बसले, श्वास जुळू दिला आणि म्हणाले, “आज इथूनच परत जाऊ.” त्यांच्या आवाजात भीती नव्हती. वाटाड्याही समजूतदार. “किल्ला कुठं जात नाही, काकाजी,” तो म्हणाला. खाली येताना मला जाणवले, की दवाखाना किती दूर आहे, हे त्यांनी त्या दिवशी एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले. ईसीजी पूर्वीसारखाच होता. पुढच्या आठवड्यात ट्रेडमिलवरची तपासणी झाली, तीही समाधानकारक आली. थंडीत आठ दिवस चालणे बंद पडले होते, त्यामुळे दम लागला, असा निष्कर्ष निघाला. पुन्हा रोजचे चालणे सुरू केले. त्यात गावाजवळच्या पुलाचा छोटा चढ जोडला.

माघात आम्ही परत गेलो. 1487 मध्ये फतेहुल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारलेला महाकाली दरवाजा पांढऱ्या वालुकाश्माचा आहे; कोरीव कमळे, दगडी जाळ्या आणि माथ्यावर शिलालेख. हा माणूस तीनच वर्षांनी वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. यजमान त्या कमानीखाली बराच वेळ उभे होते. परतीच्या चढावर चार वेळा थांबलो. नऊगजी तोफेजवळ पोहोचलो, तेव्हा खाली वऱ्हाडचे सपाट पठार उन्हात पसरले होते आणि त्यात कुठेतरी आमचे गाव होते. त्या गडावरची तळी आणि टाकी पाहून मला आमचा खारपाणपट्टा आठवला. खाली विहिरींना खारट पाणी, आणि इथे डोंगरमाथ्यावर पावसाचे गोडे पाणी अडवून ठेवणारे जुने शहाणपण!

ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. डॉक्टरांच्या संमतीवाचून चढाचा विचार करू नये. जेवणानंतर लगेच चालू नये. दोन तास जाऊ द्यावेत. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती खिशात असावी आणि घेताना आधी खाली बसावे, कारण तिने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. गोळीनंतर पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही, तर 108 क्रमांकाला फोन करावा. जंगलात फोन लागेलच असे नाही, म्हणून वाहन व चालक जवळ ठेवावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांमुळे काट्याची साधी ओरखडही जास्त वेळ वाहते. स्वच्छ कापूस-पट्टी शिदोरीबरोबर बांधावी. शिदोरीत भाकर, बेताच्या मिठाची भाजी आणि भरपूर पाणी पुरे. वऱ्हाडात फिरण्याचे दिवस भाद्रपद ते माघ. फाल्गुनानंतरची दुपार घरातच काढावी.

होळीला मुलाचा फोन आला. आम्ही पुण्याला जाणार आहोत, पण वैशाखाच्या उन्हाळ्यात, दोन महिन्यांसाठी. मृगाचा पाऊस पडला, की परत. तोवर मुलाने अकोटच्या डॉक्टरांचा आणि शेजारच्या दोन घरांचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून घेतला आहे, आणि शेजारच्या तरुणाला छाती दाबून श्वास परत आणण्याचे प्रशिक्षण घ्यायला लावले आहे. त्याची काळजी संपलेली नाही. तशी ती संपूही नये.

यजमानांनी वहीत नवी यादी सुरू केली आहे. पहिले नाव वर्धेकाठचे, रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर. नावापुढच्या रुग्णालयाच्या रकान्यात त्यांनी या खेपेस स्वतःच्या अक्षरात नोंद केली आहे, आणि तिच्याखाली सोबत न्यायच्या पुस्तकाचे नाव.