इशारा आणि धोका

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या बातम्यांत दोन शब्द जोडीने येतात : इशारा पातळी आणि धोका पातळी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेसाठी हे आकडे ३९ आणि ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी ४० आणि ४५. नदीगणिक, जागेगणिक वेगळे. सर्व्हरांवर लक्ष ठेवणाऱ्या 'नागिऑस'सारख्या प्रणालीतही इशाऱ्याच्या अशाच दोन पायऱ्या असतात, आणि त्यांच्यासाठी मी हेच शब्द वापरतो. 'उंबरठा' हा प्रतिशब्द देखणा खरा; पण उंबरठा आपण ओलांडतो, पातळी आपल्याकडे चढत येते.

माझ्या नोकरीतल्या चारशेएक सर्व्हरांना मात्र एकच नियम होता : डिस्कवर २० टक्क्यांहून कमी जागा उरली की इशारा, १० हून कमी उरली की धोका. आता चार टेराबाइटच्या डिस्कवर २० टक्के म्हणजे ८०० गिगाबाइट. एवढी जागा मोकळी असताना रात्री तीनला कुणाला उठवणे हा छळच. आणि तो नित्याचा झाला की माणूस खऱ्या इशाऱ्यालाही कूस बदलून झोपी जातो. तेव्हा दोन्ही आकडे सरसकट निम्म्यावर आणावेत, असे ठरले.

कृती सोपी आहे. बहुतेक नोंदी एका साच्याचा वारसा घेतात. साच्यातला आकडा बदलला की तो शेकडो ठिकाणी बदलतो. प्रणाली नवी मांडणी तपासूनही देते, पण तपासते ते व्याकरण. दहाच्या जागी एक लिहिला तरी वाक्य शुद्धच ठरते. मात्र एखाद्या नोंदीत कुणी स्वतंत्र आकडा हाताने लिहिला असेल, तर तिथे साच्याचे काही चालत नाही. स्थानिक पाठ वरचढ ठरतो.

असे एकतीस पाठभेद निघाले. माझ्या तरुण सहकाऱ्याच्या मते तो केरकचरा होता. एका आज्ञेत सारे एकसारखे झाले असते. मला एम.ए.च्या वर्गातली पाठचिकित्सा आठवली. सोपा पाठ आणि अवघड पाठ समोर आले तर अवघडाचा विचार आधी करावा, कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, उलट सहसा करत नाही. वीसच्या जागी पस्तीस कुणी उगाच लिहीत नाही.

दोन दिवस ते एकतीस पाठ वाचले. एकोणीस निर्जीव होते : डिस्क केव्हाच बदललेल्या, आकडे तेवढे मागे राहिलेले. ते काढून टाकले. त्या पस्तीसशेजारी एकच शब्द होता, 'मार्चअखेर'. हिशेबाचा जुना सर्व्हर, ४० गिगाबाइटची डिस्क, आणि वर्षअखेरीस एका रात्रीत फुगणाऱ्या नोंदवह्या. तिथे निम्म्यावर आणलेला इशारा म्हणजे अवघे चार गिगाबाइट उरेपर्यंत मौन. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. त्याचा आकडा राहू दिला.

बदलानंतर रात्री शांत झाल्या. ही शांतता मला पूर्णपणे वाचता येत नाही. सर्व्हर सुखरूप आहेत, की आपण विचारणेच कमी केले आहे, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून लहान डिस्कांचे आणखी नऊ सर्व्हर शोधून त्यांना स्वतंत्र आकडे दिले आणि प्रत्येकाशेजारी कारण लिहिण्याचे काम त्याच सहकाऱ्याकडे सोपवले. कारणे मराठीत लिहावीत की इंग्रजीत, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.