साडेतीन सेंटिमीटर

ग्रानाडाला येणारा माणूस अलहम्ब्रा पाहायला येतो. आम्ही तिघं आलो होतो ते गिटारसाठी. अलहम्ब्राही पाहिला, नाहीतर परतल्यावर शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवलं असतं? पण २०१८ च्या मे महिन्यातल्या त्या सकाळी प्लाझा नुएवा चौकातून कुएस्ता दे गोमेरेझचा चढ चढताना आमचं सारं लक्ष दुतर्फाच्या दारांकडे होतं. गिटार बनवणाऱ्यांची ही जुनी गल्ली. तिच्या टोकाला दगडी डाळिंबं मिरवणारी वेस आहे आणि पलीकडे गर्द झाडी. ग्रानाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंबच.

आमची मुग्धा नवव्या वर्षापासून गिटार वाजवते. नायलॉनच्या तारांची, बोटांनी छेडायची. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून पडली आणि डावा खांदा दुखावला. हाड जुळलं, पण वरच्या पडद्यांवर हात न्यायचा म्हणजे मनगट मुरडून खांदा पुढे रेटावा लागे. अर्ध्या तासात डोळ्यांत पाणी. हळूहळू वाद्य कोपऱ्यात उभं राहू लागलं, आणि घरात त्याचा विषय काढायचं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं.

पुण्यातल्या एका दुकानदारानं तोडगा सुचवला. "साहेब, हिची दांडी बाराव्या पडद्याशी अंगाला जोडलीय. चौदाव्याशी जोडलेली घ्या. दोन पडदे जास्त मोकळे मिळतील. नवी पद्धत आहे!" घ्यायचीच तर गिटारच्या माहेरी जाऊन घ्यावी, असं मी ठरवलं आणि साठवलेली पुंजी मोडली.

कारागीर सत्तरीचे होते. निळा डगला, कानावर पेन्सिल. त्यांची नात इंग्रजीतून दुभाषेपण करत होती. आमच्या हिचं माहेर मिरजेचं, सतारमेकरांच्या शेजारचं. तिनं गिटारच्या दर्शनी फळीला 'तबली' आणि तारा अडकवायच्या पट्टीला 'घोडी' म्हणून टाकलं. बोट दाखवल्यावर आजोबांना तेही समजलं!

मी चौदा पडद्यांची गोष्ट काढली. आजोबा हसले, आतून तशी एक गिटार घेऊन आले आणि मुग्धाच्या हाती दिली. तिची बोटं सरसर वर गेली. दोन वर्षांनी पोरीचा चेहरा असा उजळलेला पाहून मी खिशात हात घातलासुद्धा.

"आता पहिल्या पडद्यावर ये," आजोबा म्हणाले.

ती आली, आणि तिचा खांदा वर उचलला गेला. मला कळेना. आजोबांनी पट्टी काढली. तार पासष्ट सेंटिमीटरची. बारावा पडदा तिच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे मोकळी तार सा धरली तर वरच्या सावर. चौदावा पडदा त्याच्या पुढे साडेतीन सेंटिमीटर. जोड तिथे नेला, तर सगळी दांडी तेवढीच बाहेर सरकते. वरचे पडदे मोकळे होतात, पण पहिला पडदा तितकाच लांब जातो!

"आणि घोडी?" हिनं विचारलं. मिरजेचं रक्त!

आजोबांनी तिच्याकडे आदरानं पाहिलं. तारेची लांबी तीच ठेवायची, अंगही तेच, तर घोडीलाही साडेतीन सेंटिमीटर वर, भोकाकडे सरकावं लागतं. त्यांनी एक सुटी तबली उचलून खालच्या रुंद भागाच्या मध्याजवळ टिचकी मारली, घुमला. थोडी वर मारली. आवाज आखूड, टणक आला. मध्याजवळ फळी मोकळेपणानं हलते, भोकाजवळ ती ताठ असते. स्टीलच्या तारा फळीला जोरानं खेचतात. अमेरिकेत मार्टिन कंपनीनं १९२९ साली चौदाव्या पडद्याशी जोडलेली गिटार एका बँजोवादकासाठी केली, ती स्टीलच्या तारांची. नायलॉनचा ताण त्यापेक्षा पुष्कळच कमी, म्हणून त्याला फळीचा मऊ भाग हवा. आल्मेरियाच्या अन्तोनियो दे तोरेस यांनी (१८१७ ते १८९२) आजच्या गिटारचा घाट बसवला, तेव्हा तर तारा तातीच्या होत्या. नायलॉन आलं १९४० च्या दशकात.

मग चौदावाली वाईट का? मुळीच नाही, आजोबा म्हणाले. उभं राहून, ध्वनिक्षेपकासमोर वाजवणारे ती हौसेनं घेतात. त्यांना तो उजळ आवाज हवा असतो. कुशल कारागीर आतल्या पट्ट्या बदलून, भोक सरकवून पुष्कळ सावरूनही घेतो.

"माझीच दांडी सरकवता येणार नाही का?" मुग्धानं विचारलं. त्यांनी एक अर्धवट गिटार दाखवली. दांडीच्या बुडाशी दोन खाचा आणि बाजूच्या पट्ट्या त्यांतच रोवलेल्या. स्पॅनिश पद्धतीत मान आणि धड एकत्रच जन्माला येतात. मागाहून वेगळी करायची तर वाद्यच फोडावं लागेल.

दुकानात शांतता पसरली. मग आजोबांनी भिंतीवरची तिसरी गिटार काढली. जोड बाराव्याच पडद्याशी, घोडी आपल्या जागी; फक्त अंगाचा एक खांदा चंद्रकोरीसारखा कोरलेला, हात वर जाण्यापुरता. तार चौसष्ट सेंटिमीटरची, म्हणून पहिला पडदाही थोडा जवळ. खांदा कोरल्यानं आतली पोकळी जराशी कमी होते, हेही त्यांनी आपण होऊन सांगितलं.

मुग्धा वाजवत राहिली. घड्याळाकडे आधी मी पाहिलं, मग हिनं. पाऊण तास झाला होता.

"दुखतंय का गं?" हिनं हळूच विचारलं.

"थोडं दुखतंय, आई. पण हा आवाज माझा आहे."

पैसे मोजताना गिटारच्या पाठीवरून हात फिरवला. गडद, जांभळट तपकिरी लाकूड. कुठलं म्हणून विचारलं, तर नात म्हणाली, "इंडिया." शिसवी! आमच्या वाड्यातल्या झोपाळ्याचं लाकूड. परतीच्या विमानात मुग्धानं ती पेटी कुणाला उचलू दिली नाही. उजव्या खांद्यावर घेऊन आली.