हातच्याविना

शेजारी शेजारी नऊ एक मांडा: १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. शाळेत करायचो तसंच, दर ओळीला एक घर डावीकडे सरकत. नऊ ओळी, साऱ्या नुसत्या एकांच्या. बेरजेला बसलं की उजव्या कडेला एक, शेजारच्या रकान्यात दोन, मग तीन; मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा ओहोटी. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. कसारा घाटासारखी चढण, नवाचा माथा आणि तेवढाच उतार. सगळ्या बेरजेत एकदाही हातचा येत नाही.

दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मात्र या सतरा अंकांना जागा आहे. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत ती नावं परार्धापर्यंत जातात. आपली संख्या ‘मध्य’पर्यंत पोचते, परार्धाच्या एक घर अलीकडे.

नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या अशा संख्यांच्या घराण्याला ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. ही कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचली, आणि त्या स्टेशनचं जुनं नाव संख्यांना चिकटलं. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणणारेही तेच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भाग देऊन पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आणि हा भागाकार पुन्हा पूर्ण वर्ग, १२३४५६७९ चा.

मोह होतो, दहावा एक जोडायचा. जोडला की मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं. घाट ढासळला! संख्येचा यात काय दोष? दहापाशी घर बदलायचं, हा आपला रिवाज. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तर ११ चा वर्ग १००१. तिथे दुसऱ्याच पायरीला हातचा.

म्हणजे हे देखणेपण दशमान लेखनाचं. संख्येचा स्वभाव पाहायचा तर अवयव पाडावे लागतात: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. तिन्ही मूळ संख्या. कुठल्याही पद्धतीने लिहा, हे अवयव बदलायचे नाहीत.

अंकांच्या अशा खेळाला त्या काळी अनेक गणितज्ञांनी फुटकळ मानलं. १९७५ मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष देवळालीकडे गेलं. पण या रूपाची भुरळ पडली नसती, तर सतरा अंकांचे अवयव पाडायला बसलं असतं कोण? मास्तरांचा खेळ अस्सल गणिताचाच होता. खात्री करायला कागद-पेन्सिल पुरे.