ऐकलेला भयपट

रामसे बंधूंच्या चित्रपटांविषयी मराठीत गांभीर्याने लिहिण्याची प्रथा नाही. आपल्याकडे चित्रपटांवरचे लेखन बहुधा राय आणि घटक यांच्यापासून सुरू होते आणि बेनेगलांपाशी येऊन थांबते. 'पुराना मंदिर' किंवा 'वीराना' यांचा उल्लेख झालाच, तर तो अभिरुचीच्या ऱ्हासाचे उदाहरण म्हणून होतो. या मताशी आमचे भांडण नाही. हे चित्रपट ओबडधोबड आहेत, त्यांतला विनोद तर असह्य आहे. तरीही मराठी विषय घेऊन एम. ए. झालेले आणि वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकवणारे आम्ही चौघे, तीन पुरुष आणि एक स्त्री, दिवाळीच्या सुटीत पेठला जमतो, तेव्हा रात्र चढत जाते तसतसे बोलणे नेमाड्यांवरून घसरते आणि सामरीवर येऊन ठेपते. दरवर्षी ठेपते. चाळिशी ओलांडलेल्या चार प्राध्यापकांना एका सुमार राक्षसाविषयी इतके बोलावेसे का वाटते, हा प्रश्न अखेर लिहून पाहण्याजोगा वाटला.

इंग्रजीत अशा चित्रपटांना 'कल्ट' म्हणतात. मराठीत 'पंथ' म्हणावे तर नाथ आणि महानुभाव डोळ्यांपुढे उभे राहतात, म्हणून आम्हीही कल्टच म्हणतो. परंतु 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' (1975) या चित्रपटाचा पंथ मध्यरात्रीच्या खेळांना पुन:पुन्हा हजेरी लावणाऱ्यांनी घडवला. आमच्याकडे चित्रपट एकदाच येई. यात्रेच्या तंबूत एक-दोन रात्री राही आणि ट्रक पुढच्या गावाला निघून जाई. पुन्हा पाहण्याची सोय नसल्यामुळे तो पुन्हा सांगावा लागे.

पुणे-नाशिक रस्त्याने येताना अवसरीचा घाट उतरण्याआधी पेठ लागते. तालुका आंबेगाव, बाजार मंचरचा आणि आजूबाजूला बटाट्यासाठी नावाजलेले सातगाव पठार. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की नारायणगावाहून तमाशाचे फड येत आणि त्यांच्या शेजारी एखाद्या मोकळ्या शेतात फिरत्या टॉकीजचा तंबू पडे. प्रोजेक्टर ट्रकमध्येच असे. बाजूला जनरेटर धडधडे. जमिनीवर बसायचे, मध्ये दोर, दोराच्या एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला पुरुष. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा टॉकीजची उतरती वर्षे पाहायला मिळतात. आमच्या वाट्याला त्यांचा शेवटचा बहर आला. 1984 सालचा 'पुराना मंदिर' आमच्यापैकी दोघांनी 1991 च्या यात्रेत पाहिला. चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते. तंबूच्या दाराशी ते कोणी वाचत नसे, मुलींच्या घरी मात्र ते न वाचताच पाळले जाई.

मग दुसऱ्या दिवशी पाहून आलेली मुले न पाहिलेल्यांना चित्रपट सांगत. हा 'सांगणे' प्रकार आज समजावून द्यावा लागतो, कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या खिशात सगळेच चित्रपट असतात. त्यात कथासार नसे. पार्श्वसंगीत तोंडाने वाजवायचे, दाराची करकर काढायची, कॅमेरा जिन्यावरून वर जातो तसा हात वर न्यायचा आणि नेमक्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मानेला गार बोट लावायचे. चांगला सांगणारा दोन तासांचा चित्रपट तीन रात्री पुरवी. कथनमीमांसेच्या तासाला आम्ही निवेदक, काल, केंद्रीकरण असे शब्द फळ्यावर लिहितो, तेव्हा आम्हाला पाश्चात्त्य अभ्यासकांच्या आधी सहावी-सातवीतली ही मुले आठवतात.

रामसे यांच्या भयपटांचा जन्मही प्रेक्षकांनी काय लक्षात ठेवले यातूनच झाला, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या आणि रेडिओचे दुकान चालवणाऱ्या फत्तेचंद रामसे यांनी 1970 साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. तो पडला. त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि लोकांना तेवढाच आवडल्याचे मुलांनी चित्रपटगृहात बसून हेरले. सात भावांनी कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन अशी कामे वाटून घेतली आणि 1972 मध्ये 'दो गज ज़मीन के नीचे' आला. पुढची सगळी भुते त्या एका प्रसंगाची लेकरे आहेत.

आणि हे केवळ रामसेंपुरते नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चे मूळही सांगण्यातच आहे. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारप (1925–2008) यांची गोष्ट ऐकवली. ती धारपांची 'आजी', आणि धारपांनी ती घेतली होती स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून. नाव आले श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. 2018 मध्ये चित्रपट आला तेव्हा त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला. पुढची सहा वर्षे लोक एकमेकांना तो सांगत राहिले आणि 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. अमेरिकेतली म्हातारी सदाशिव पेठेमार्गे कोकणात पोहोचली, असे आमच्यातला एक म्हणतो. (धारप सदाशिव पेठेत राहत नसतील, पण त्यांचे वाचक निश्चित राहत.)

आमच्या गप्पांत या सगळ्यांची सरमिसळ असते. एकाला 'वीराना'तली ती सुंदर मुलगी अजून विसरता येत नाही, आणि तो का, हे तो सांगत नाही. दुसऱ्याला 'झपाटलेला' (1993) मधल्या तात्या विंचूचा हशा आधी आठवतो की भीती, हे ठरवता येत नाही. रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांची भीती हसल्यावर, घरी आल्यावर लागे. त्याच वर्षी 'झी हॉरर शो' सुरू झाला, पठारावर ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला आणि सांगणाऱ्यांचे महत्त्व हळूहळू ओसरले.

भरताने नाट्यशास्त्रात भयाचे विभाव सांगताना रिकामे घर, अरण्य आणि श्वापद यांची नोंद केली आहे. आमच्या तालुक्यात तिन्ही आहेत. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात बिबट्यांचे हल्ले वाढले, उसाने बिबट्याला कायमचे घर दिले, माणिकडोहला निवारा केंद्र झाले, आणि ओट्यावर बसून भुताच्या गोष्टी सांगण्याची चाल आपोआप बंद पडली. आता आम्हीही दार लावून बसतो. परंतु भरताने त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट म्हटली आहे. भय हा स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा भाव होय, असे तो सांगतो. वर्गात हे वाक्य आम्ही घाईने ओलांडतो. आमच्या मैत्रिणीने मात्र ते एका रात्री अडवून धरले. तिचे म्हणणे असे की भय स्त्रियांच्या वाट्याला येते हे खरेच आहे, फक्त ते कोण वाटून देते हे भरताने लिहिलेले नाही. आपल्या भुतांची यादी पाहा, ती म्हणाली. बाळंतपणात मेली ती अळवंतीण. बाळंत होऊन दहा दिवसांच्या आत गेली ती हडळ. सवाष्ण गेली ती जखीण. मुंजा सोडला तर घराघरांत ज्यांची नावे घेतली जातात त्यांतल्या किती जणी बायका आहेत, आणि त्यांतल्या किती दवाखाना लांब असल्यामुळे मेल्या?

तिने 'पुराना मंदिर' तंबूत पाहिलेला नाही. तिच्या घरून मुलींना परवानगी नव्हती. तिच्याहून तीन वर्षांनी थोरला भाऊ, तेव्हा तेरा वर्षांचा, पाहून आला आणि चार रात्री त्याने तो तिला सांगितला. आमच्यातल्या कोणाहीपेक्षा तिला तो अधिक बारकाईने आठवतो. राजाच्या आज्ञेने सामरीचा शिरच्छेद होतो, शिर हवेलीत आणि धड देवळाशी, असे दोन ठिकाणी ठेवले जाते, आणि मरता मरता सामरी शाप देतो की या घराण्यातल्या कोणाचीही सावली पडणार नाही. दिवाणखान्यात झुंबर पेटलेले आहे, सगळे जण जेवायला बसले आहेत आणि भिंतीवर फक्त ताटांच्या सावल्या आहेत, हा प्रसंग ती असा सांगते की ऐकताना आम्ही तिघेही नकळत भिंतीकडे पाहतो. पुढे कितीतरी महिने ती कंदिलासमोरून जाताना आपली सावली आहे ना, ते पाहत असे.

हा प्रसंग चित्रपटात नाही. आम्ही दोघे पाहिलेले तसे म्हणालो, तिने ऐकले नाही. वाद वाढला, तेव्हा एकाने लॅपटॉप उघडला आणि चौघांनी मिळून 'पुराना मंदिर' पाहिला. अनिरुद्ध अग्रवाल यांचा तो प्रचंड देह पाहून आम्ही हसण्याच्या तयारीत होतो. शापाचा प्रसंग अगदी सुरुवातीला आहे. सामरी म्हणतो की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने चित्रपट थांबवायला सांगितले.

नंतर जे कळले ते असे. 1990 मध्ये तिची धाकटी चुलती बाळंतपणात गेली होती. अडल्यावर जीप मिळेपर्यंत उशीर झाला आणि मंचरच्या वाटेवरच सगळे संपले. घराला काहीतरी लागले आहे, अशी कुजबुज गल्लीत सुरू होती. पुढच्या वर्षी यात्रा आली तेव्हा तिच्या आईला आठवा महिना लागला होता. संध्याकाळी कामे उरकली की आई चुलीजवळ गोधडीवर आडवी होई, आणि भाऊ बहिणीला चित्रपट सांगे तो आईच्या उशाशी बसून. म्हणजे श्रोते दोन होते. याचा विचार आमच्या मैत्रिणीने पस्तीस वर्षांत केला नव्हता, कारण करण्याचे कारणच पडले नव्हते. आईला ती सावल्यांची गोष्ट आवडली होती. ती म्हणे, बरे झाले, साडी वाळत घातली तरी सावली पडायची नाही त्यांची. पुढे आई सुखरूप सुटली, मुलगा झाला.

तेरा वर्षांच्या मुलाने शाप बदलला होता. सावल्या कुठून आणल्या असाव्यात यावर आमच्यात मतभेद आहेत. एकाला वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (1976) या नावाचा संशय येतो, दुसऱ्याच्या मते भुताला सावली नसते हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. तिसरा, जो वर्गात संहितेच्या शुद्धतेबद्दल फार आग्रही असतो, तो त्या रात्री संहितेविषयी काहीच बोलला नाही. तिने विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ची (2017) आठवण काढली. उसाच्या दाट शेतात एक घर, त्यात गरोदर बाई आणि पोटातल्या जिवावर टपलेले सगळे. तोही गर्भाचाच भयपट आहे, पण तिथे भय कोणी निर्माण केले हे दिग्दर्शक विचारतो, आणि उत्तर माणसांत सापडते. रामसेंना तो प्रश्न पडला नव्हता. शाप बायकांना आणि घराणे मात्र पुरुषांचे, ही वाटणी त्यांना नैसर्गिक वाटली. आमच्यापैकी ज्यांनी तंबूत तो चित्रपट पाहिला त्यांनाही ती तशीच वाटली होती. दोराच्या पलीकडे बसलेल्या बायकांनी तो शाप कसा ऐकला असेल, त्यांत किती जणी पोटुशा असतील, हे आमच्या अनेक वर्षांच्या रसग्रहणात कधी आले नाही.

भाऊ दहावीनंतर शिकला नाही. पठारावर शेती करतो. मागच्या दिवाळीत तो बहिणीला भेटायला आमच्या बैठकीत आला तेव्हा तिने त्याला सरळच विचारले.

"दादा, सामरीचा शाप तू का बदललास?"

त्याला आधी सामरी कोण तेच आठवेना. आम्ही आठवण करून दिली. मग तो म्हणाला, "आगं, अर्धा पिक्चर जनरेटर बंद होता. दिसला तेवढा पाहिला, बाकीचं जुळवलं मी. आता कुठं ध्यानात राहतंय."

शाप पहिल्या रिळात आहे, हे आमच्यापैकी कोणी त्याला म्हणाले नाही. त्याने चहा संपवला. वीज रात्रीची होती आणि रोपांना पाणी द्यायचे होते. निघताना त्याने बॅटरी आणि काठी घेतली, मोबाइलवर मोठ्याने गाणे लावले. त्या आवाजाने बिबट्या बांधावरून बाजूला होतो, असे तो म्हणाला. बहिणीने त्याला पोहोचल्यावर फोन करायला सांगितले. पाऊण तासाने फोन आला, तोवर आम्ही दुसरा कोणताही चित्रपट काढला नव्हता.