तिलारीचा बिनपंखी ग्लायडर

कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग करणं यात आता काही नवीन राहिलेलं नाही. ऑफिसातल्या निम्म्या जनतेच्या प्रोफाइलवर तोच फोटो असतो. पण ना पंख, ना पॅराशूट, ना इन्स्ट्रक्टर, अहो, साधे हातपायसुद्धा नाहीत आणि तरीही झाडावरून बिनधास्त झोकून देणारा पठ्ठ्या कधी बघितलाय? मग वीकेंडला जोडून दोन दिवस रजा टाका आणि सिंधुदुर्ग गाठा.

नाव उडता सोनसर्प. शास्त्रीय नाव क्रायसोपेलिया ऑर्नाटा. महाराष्ट्रातला त्याचा पत्ता म्हणजे सह्याद्रीचं दक्षिण टोक. आंबोली, दोडामार्ग, तिलारी. पलीकडे गोव्यातही तो आहेच. मीटरभर लांबी, सडपातळ अंगकाठी. पिवळसर हिरव्या खवल्यांना काळी किनार आणि डोक्यावर काळे-पिवळे आडवे पट्टे. एकदम डिझायनर लुक! पाली-सरडे हे रोजचं जेवण. एखादा पक्षी किंवा वटवाघूळ मिळालं तर पार्टी. शिवाय गडी दिवसा फिरणारा, त्यामुळे त्याच्यासाठी टॉर्च घेऊन रात्र जागवायची गरज नाही.

आता मेन आयटम, म्हणजे उडी. पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना कंगोरे असतात. त्यांच्या जोरावर हा सरळसोट खोड चढून जातो. फांदीच्या टोकाला पोचला की अंगाचा पुढचा भाग इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा खाली लोंबकळत सोडतो आणि क्षणात झेप! सुटल्या सुटल्या बरगड्या फाकवून तो अंग चपटं करतो. गोल दोरीची जवळजवळ दुप्पट रुंद पट्टी होते, खालून किंचित खोलगट. मग हवेत पोहल्यासारखा तो खाली तरंगत येतो. वर मात्र जाता येत नाही. उंची हेच त्याचं पेट्रोल.

पण हवेत हा वळवळतो कशाला? व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या आग्नेय आशियातल्या भाऊबंदांवर, म्हणजे पॅराडाइज ट्री स्नेकवर प्रयोग केले. सिनेमात वापरतात तसे मोशन कॅप्चर कॅमेरे एका उंच हॉलमध्ये लावून सापांच्या उड्या टिपल्या. २०२० मध्ये निष्कर्ष आला, की वळवळ हा बॅलन्स आहे. कॉम्प्युटर मॉडेलमधून वळवळ काढून टाकली, की साप हवेतच कलंडायचा.

इतका भारी कलाकार, पण गावात दिसला की आधी काठी शोधली जाते. कारण एक जुनी समजूत. हरणटोळ उडून माणसाच्या टाळूला चावतो म्हणे! गंमत म्हणजे हरणटोळ उडतच नाही. जो खरंच तरंगतो, त्या सोनसर्पाचं विष सौम्य, तेही मागच्या दातांत. माणसाच्या जिवाला त्याचा धोका मानला जात नाही. त्याची झेप असते भक्ष्यामागे, नाहीतर जीव वाचवायला. पण पालीच्या मागे तो घराच्या वाशापर्यंत आला, की हा खुलासा ऐकायला कोण थांबतंय?

दुसरं संकट झाडांचं. दोडामार्ग तालुक्यात रबर, अननस, काजूच्या लागवडीसाठी डोंगरउतारांवरचं जंगल तुटत गेलंय. २०२० मध्ये तिलारीतलं सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं, ही त्यातली चांगली बातमी. पण साप हद्दीचे बोर्ड वाचत नाहीत. बागांमध्ये, वाड्यांमध्ये तो येणारच. तिथे त्याला वाचवणार ती माणसांची माहितीच.

जाताय? मग हे वाचा

रेल्वेने सावंतवाडी, तिथून पुढे एसटीने दोडामार्ग. स्थानिक गाइड घ्या आणि मान वर ठेवून चाला. साप दिसेलच याची गॅरंटी नाही. दिसलाच, तर ‘उडवून दाखव ना’ असा हट्ट गाइडकडे अजिबात धरू नका. आणि मुक्कामाच्या घरी टाळूचा विषय निघालाच, तर चहाच्या कपाबरोबर हरणटोळाची बाजू तेवढी मांडून या!